जुनी गाडी आणि हातभर एस्टिमेट : गोव्यात काय दुरुस्त करावं, काय सोडून द्यावं

मीटरवर लाख-सव्वा लाखाचा आकडा गेला की सर्व्हिसला दिलेली गाडी एकटी परत येत नाही, सोबत यादी घेऊन येते. लोअर आर्म, शॉकअप, क्लच सेट, इंजिन फ्लश, कूलंट, थ्रॉटल बॉडी, अंडरबॉडी कोटिंग... आणि तळाला अशी रक्कम की वाटावं, गाडी विकली तरी एवढे यायचे नाहीत. मग काही जण घाबरून सगळंच करून टाकतात, तर काही जण 'लुटायला बसलेत मेले' म्हणत कागद चुरगाळतात. दोन्हीकडे नुकसान आपलंच. त्या एका कागदावर आजच्या आज करायची कामं असतात, मे महिन्यापर्यंत खुशाल थांबणारी असतात आणि केली काय, न केली काय, अशीही असतात. गॅरेजवाला ती निवडून देत नाही. निवडायचं कसं, ते इथे सांगतो.

पहिल्यांदाच जुनी गाडी घेतलेल्यांना आणि घाटावरून नोकरीसाठी गोव्यात येताना जुनी गाडी बरोबर आणलेल्यांना हे जास्त उपयोगी पडेल. पुण्या-सोलापुरात दहा वर्षं चाललेली गाडी इथे तशीच वागेल असं धरून चालू नका.

पायरी १ : यादी बाजूला ठेवा, आधी पत्रा बघा

गोव्यात इंजिनाआधी पत्रा मरतो. समुद्राची खारी हवा बारा महिने, त्यात चार महिने पाऊस. डिचोली-सांगेकडच्या खाणपट्ट्यात तांबडी माती चाकाच्या कमानीत थापून बसते आणि आतली ओल सुटू देत नाही. रायबंदर-चोडण किंवा जुने गोवे-दिवाडी फेरीबोटीने रोज जाणाऱ्यांच्या गाड्यांना आणखी एक त्रास. भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर मचूळ पाणी असतं, ते थेट गाडीच्या पोटाला लागतं. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पत्र्याला मीठ चोळणं आहे.

म्हणून क्लच-शॉकअपचं बघण्याआधी सुक्या दिवशी एक टॉर्च आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर किंवा पिटवर चढवायला सांगा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, टोकाने नाही. घट्ट पत्रा 'टण' वाजतो, सडलेला 'थप' करतो आणि कधी कधी पापुद्रा खाली पडतो. जागा या: दारांखालची पट्टी म्हणजे रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा, पुढचं सस्पेन्शन ज्यावर टांगलेलं असतं तो आडवा सांगाडा, मागच्या अॅक्सलचे जोड, आणि डिकीतली स्टेपनीची खळी. स्टेपनी उचलून बघाच. तिथे पाणी साचलेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. पायाखालचं कार्पेट उचलून हात फिरवा. ओलसर वास आला तर पाणी कुठून तरी आत येतंय. बहुतेकदा काचेखालच्या जाळीत आंब्या-काजूची पानं अडकून निचरा बंद झालेला असतो. फुकटात सुटणारं काम आहे, पण दुर्लक्ष केलं तर फरशीच जाते.

सायलेन्सरवर, नट-बोल्टवर तपकिरी रंग आला असेल तर घाबरू नका, तो इथल्या प्रत्येक गाडीवर येतो. रंगाला फोड आले असतील तर आतून सुरुवात झाली आहे, पण वेळ आहे. भोक पडलं असेल तर ते कुठे आहे यावर सगळं ठरतं. फरशीला किंवा मडगार्डला भोक असेल तर चांगला टिंकर पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करतो, गाडी चालते. सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडलं जातं तिथलाच पत्रा सडला असेल तर यादीतलं पुढचं वाचू नका. त्या गाडीत नवा क्लच घालणं म्हणजे पैसे समुद्रात.

यादीत हमखास असणाऱ्या अंडरबॉडी कोटिंगचा निकालही इथेच लागतो. गंजावर काळा थर मारला की गंज दिसेनासा होतो, थांबत मात्र नाही. आतली ओल आतच राहते आणि गंज झाकलेल्या अंधारात पत्रा खात सुटतो. कोटिंग करायचंच असेल तर क्रम असा: पोट धुणं, दोन-तीन दिवस कडक वाळवणं, तारेच्या ब्रशने खरडणं, रस्ट कन्व्हर्टर म्हणजे गंज थोपवणारं रसायन, प्रायमर आणि शेवटी कोटिंग. हे सगळं करून देणार का, विचारा. 'तासाभरात गाडी तयार' असं उत्तर आलं तर ते काम यादीतून काटा. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्याचा हंगाम, पाऊस सुरू झाल्यावर करूच नये.

पायरी २ : गाडी किती दिवस ठेवायची आहे?

हा आकडा ठरल्याशिवाय कुठलीच दुरुस्ती महाग की स्वस्त ते कळत नाही. सहा महिन्यांत विकायची असेल तर क्लचचा विचार वेगळा, तीन वर्षं वापरायची असेल तर वेगळा.

आर.सी. काढून तारीख बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी आर.टी.ओ.ला दाखवून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. अर्ज नमुना २५ वर, आणि मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करायचा. दिल्लीत १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल यांचा जो वाद चालतो तो दिल्ली परिसराचा आहे. ती बातमी वाचून म्हापशातली चांगली वॅगनआर भंगारात काढणारे लोक आहेत म्हणून सांगितलं. गाडीला चौदावं वर्ष लागलं असेल तर मात्र दिवे, ब्रेक, टायर, हॉर्न, गंज ही कामं आज टाळली तरी तपासणीच्या वेळी करावीच लागणार आहेत. मग ती आत्ताच करून त्यांचा वर्षभर उपयोग का घेऊ नये?

गाडी कुठे फिरते तेही बघा. घर ते फोंडा बाजार एवढीच फिरणारी गाडी आणि दर शनिवारी चोर्ला घाटातून बेळगाव गाठणारी गाडी, दोघींची यादी शब्दशः सारखी असली तरी उत्तर सारखं नसतं.

पायरी ३ : गॅरेजमध्ये विचारायचे प्रश्न

यादीतल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा: खराब आहे ते मला दाखवाल का? हे नाही केलं तर पुढे काय होईल? किती दिवस थांबता येईल? आणि हे खोलताना दुसरं काय काय सुटं होतं?

खरा जीव दुसऱ्या प्रश्नात आहे. जाणता मिस्त्री तिथे साखळी सांगतो: "पात्रांव, हा रबर बूट फाटलाय. ग्रीस उडतंय, पावसात चिखल आत जाणार, मग जॉइंट कडकड करणार, मग अख्खा अॅक्सल." हे ऐकलं की समजावं, माणसाला काम कळतं. 'आता जुनी झाली ना गाडी, बदलायलाच पाहिजे' एवढंच उत्तर असेल तर ती ओळ तूर्त बाजूला ठेवायची. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये समोर बसलेला अॅडव्हायझर गाडीखाली गेलेलाच नसतो, तेव्हा ज्याने गाडी खोलली त्याला भेटायची मागणी करा. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत.

दुसरं मत घ्यायचं असेल तर यादी दाखवू नका. फक्त लक्षण सांगा: 'डावीकडून खड्ड्यात खट्ट आवाज येतो.' यादी दाखवली की दुसराही तीच वाचून दाखवतो. चांगला मिस्त्री शोधायला टॅक्सीवाले आणि शाळेच्या बालरथाचे ड्रायव्हर यांच्याइतका भरवशाचा पत्ता नाही. गाडी उभी राहिली की त्यांचा दिवस बुडतो, त्यामुळे बिनकामाचा पार्ट बदलणाऱ्याकडे ते दुसऱ्यांदा जात नाहीत.

पायरी ४ : यादी फोडायची

पेन घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा. 'ज' म्हणजे जिवाशी गाठ. 'इ' म्हणजे इंजिन किंवा मोठा भाग मरेल. 'र' म्हणजे रस्त्यात उभं करेल. 'स' म्हणजे सोय. उरलेल्यांपुढे फुली. नेहमी येणाऱ्या ओळी घेऊन बघू.

*ब्रेक पॅड, ब्रेक डिस्क, ब्रेक ऑइल.* तिन्ही 'ज', पण तिन्ही खरे असतीलच असं नाही. नवा पॅड दहा-बारा मिलिमीटरचा असतो, तीनच्या आसपास आला की बदला. पाच उरला असेल तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत बिनघोर. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते; मोजपट्टी म्हणजे व्हर्नियर लावून दाखवायला सांगा. आकडा वर असेल तर डिस्क बदलायचं कारण नाही. पावसाळ्यात एका रात्रीत डिस्क नारिंगी होते, ती बघून 'डिस्क गंजली' म्हणणाऱ्याला हसून सोडून द्या. चार ब्रेक मारले की लखलखीत. ब्रेक ऑइल मात्र लोक उगाच टाळतात. ते हवेतली ओल शोषतं, ओल आली की लवकर उकळतं, आणि चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या उतारावर सतत ब्रेक मारून तापलं की पायाखाली पेडल पोकळ लागतं. दर दोन वर्षांनी बदलायचं. आपल्या हवेत ही चैन नव्हे, आणि यादीतलं ते सगळ्यात स्वस्त कामांपैकी एक आहे.

*टायर.* 'ज'. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही टायर संपला. खाचांत मधेमधे जे उंचवटे असतात त्यांच्या पातळीला रबर आलं की ती वेळ आली. त्याआधीच पहिल्या पावसात गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी घसरायला लागते. बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. कमी फिरलेल्या गाडीचे टायर नक्षीने नवे पण वयाने म्हातारे असतात. बाजूला भेगा दिसत असतील तर नक्षीकडे बघू नका.

*लोअर आर्म, बॉलजॉइंट, टाय रॉड एंड, बुश.* चाक, सांगाडा आणि स्टिअरिंग यांना जोडणारे हे दांडे आणि सांधे; बुश म्हणजे सांध्यातलं रबर. इथे सावध राहा, कारण एकाच आवाजाच्या नावाखाली चार पार्ट बदलले जातात. बॉलजॉइंट किंवा टाय रॉड एंड सैल असेल तर 'ज', आजच्या आज. सुटला तर चाक आडवं होतं. पण बुशचं रबर नुसतं चिरलं असेल तर ते 'स'. आवाज येईल, टायर थोडे वाकडे झिजतील, गाडी चालेल. काही गाड्यांत बुश आणि बॉलजॉइंट वेगळे मिळतात आणि प्रेसवर बसवून होतात. अख्खा आर्म बदलायची गरज नसते. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. चाक उचलून हाताने हलवून दाखवायला सांगा, ढिलाई डोळ्यांनी दिसते.

*अॅक्सलचा रबर बूट.* चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचं रबरी आवरण. यादीत शेवटून दुसरी, क्षुल्लक दिसणारी ओळ. मी ती पहिली करेन. बूट फाटून चारच दिवस झाले असतील आणि आत ग्रीस असेल तर बूट, ग्रीस, क्लिप एवढ्यात भागतं. लाल चिखल आत गेला की जॉइंट खलास. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट्-कट् असा ठेका ऐकू आला तर उशीर झाला आहे; मग बूट बदलण्यात अर्थ नाही, जॉइंट बदलेपर्यंत जपून वापरा.

*शॉकअप.* बाहेरून नुसता ओलसर, धुळीने काळवंडलेला असेल तर थांबतो. तेल ओघळत असेल किंवा टायरवर हात फिरवताना खाली-वर लाटा लागत असतील तर गेला. बदलताना जोडीने बदला, निदान पुढचे दोन किंवा मागचे दोन.

*कूलंट, रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट.* 'इ', आणि सगळ्या 'इ'मध्ये वरचा नंबर. जुन्या गाड्या इंजिन झिजून कमी मरतात, एकदा तापून जास्त मरतात. अॅल्युमिनियमचं हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण तापलं की वाकतं, त्याखालचं हेड गॅस्केट जातं, आणि मग लेथवर हेड नेण्यापासून सुरुवात. विहिरीचं पाणी ओतत राहिलेल्या गाडीच्या कूलंटच्या टाकीत गंजाचं पाणी दिसतं. अशी गाडी घेतली असेल तर सिस्टीम धुऊन ताजं कूलंट घाला आणि होज म्हणजे रबरी नळ्या हाताने दाबून बघा. कडक किंवा फुगलेला होज त्याच वेळी बदला. बऱ्याच छोट्या गाड्यांना तापमानाचा काटाच नसतो, नुसता निळा-लाल दिवा असतो. पाणी पूर्ण गळून गेलं तर सेन्सर हवेत राहतो आणि दिवा वेळेवर लागेलच असं नाही. पर्वरीच्या कोंडीत अडकल्यावर हे कळून उपयोग नसतो. गार इंजिनावर, सकाळी, आठवड्यातून एकदा टाकी बघायची सवय लावा; गरम असताना झाकण उघडू नका.

*टायमिंग बेल्ट.* इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन, ते आधी विचारा. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनात आणि स्विफ्टच्या १.३ डिझेलमध्ये चेन आहे. जुन्या मारुती ८०० ला, सँट्रो झिंगला, जुन्या २.५ डिझेल इनोव्हाला, डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट. बेल्ट असेल आणि शेवटचा कधी बदलला त्याची पावती नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. बेल्ट तुटायच्या आधी आवाज करत नाही. तुटला की बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. चेनच्या गाडीला 'टायमिंग किट' सुचवलं असेल तर कारण मागा: स्टार्ट करताना खळखळाट, किंवा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर टायमिंगचा कोड. काहीच नसेल तर फुली.

*ऑइल लीक.* घाम आणि गळती यात फरक करा. रात्री गाडीखाली जुन्या पेपरचं पान पसरा. सकाळी डाग नसेल तर इंजिन नुसतं घामेजलंय; पुसा, दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघा, पुढे चला. दोन-चार थेंब असतील तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट बघा, स्वस्त काम. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून गळत असेल तर मागचं ऑइल सील, त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो; त्याबद्दल पुढच्या पायरीत.

*क्लच.* 'र'. स्वतः तपासा: मोकळ्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये हळू चालत असताना अचानक अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मागेच राहिली तर क्लच घसरतोय. पेडल वर आलंय, कडक झालंय, पण घसरत नाही, तर काणकोणला जाताना लागणारा करमल घाटसुद्धा तो अजून चढेल. शहरात आणखी काही महिने निघतात.

*इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्टंट, टायरमध्ये नायट्रोजन.* फुली. गाडी झटके देत असेल, स्टार्टला वेळ घेत असेल, अॅव्हरेज अचानक पडलं असेल तर इंजेक्टरचा विचार करा. कॅलेंडर बघून नको. ज्या इंजिनात वर्षानुवर्षं ऑइल वेळेवर बदललेलं नाही त्यात फ्लश घालणं तर धोक्याचंच, सुटलेला गाळ ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो. दोनदा लवकर ऑइल-फिल्टर बदला, तेवढ्याच पैशांत भलं होईल.

*एसी.* घाटावर ही चैन असेल. गोव्यात जुलैमध्ये काचेवरचं धुकं एसीच उतरवतो, म्हणून मी त्याला अर्धा 'ज' देतो. पण दरवर्षी गॅस भरून घेणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी. आधी लीक शोधायला लावा. पुढचा कंडेन्सर खाऱ्या हवेने खाल्ला असेल तर काम सरळ आहे. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल गेली असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरी चढते आणि नंतर प्लास्टिक करकरायला लागतं. ते गाडी किती वर्षं ठेवणार त्यावर ठरवा. हवा कमी येत असेल तर सगळ्यांत आधी ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा.

*बॅटरी.* रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चालू असतानाचा आकडा कमी असेल तर दोष अल्टरनेटरच्या बाजूला, नवी बॅटरी घालून काही होणार नाही.

चेक इंजिनचा दिवा

याला वेगळी जागा द्यावी लागते, कारण सगळ्यात महाग चुका इथे होतात. स्कॅनर कोड देतो, निदान देत नाही. पी-०४२० आला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग बदला म्हणतात, आणि तो पार्ट महाग. पण सायलेन्सरच्या पुढच्या भागातला जाळीचा लवचिक जोड गंजून चिरला असेल, तिथून हवा आत ओढली जात असेल, किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला असेल तरी तोच कोड येऊ शकतो. गोव्यात तो जोड गंजणं अगदी रोजचं. थंड इंजिन सुरू करून फुस-फुस ऐका, जोडावर काळा डाग बघा, आधी तो वेल्ड करून घ्या, कोड पुसा, काही दिवस चालवा. तपासणीचे पैसे वेगळे द्यायला का-कू करू नका. तपासणी फुकट असते तिथे तिची वसुली पार्टमधून होते.

दिवा स्थिर असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरात इंधन नीट जळत नाही; बाजूला घ्या.

पायरी ५ : एकाच मजुरीत बसणारी कामं एकत्र

गिअरबॉक्स एकदा उतरला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचं ऑइल सील ही सगळी हाताशी असतात. म्हणून गळतं सील आणि दमत चाललेला क्लच हे दोन खर्च मानू नका, एकच माना आणि दोन्ही भागेपर्यंत थांबा. हेच टायमिंग बेल्टचं: ज्या इंजिनात वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो तिथे पंप आणि टेन्शनर सोबतच. लोअर आर्म, टाय रॉड, शॉकअप यांतलं काहीही केलं की चाकांची अलाइनमेंट करावी लागते, तेव्हा ती आधी करून पैसे घालवू नका. एस्टिमेटमध्ये या प्रत्येकाची मजुरी वेगवेगळी लावलेली दिसली तर शांतपणे विचारा, 'गिअरबॉक्स कितीदा उतरवणार?'

पायरी ६ : कुठला पार्ट

ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट, पंप यांत कंपनीचा किंवा कंपनीला पुरवणाऱ्या उत्पादकाचाच पार्ट. तोच माल दुसऱ्या खोक्यात स्वस्त मिळतो, म्हापसा-मडगावच्या स्पेअरच्या दुकानात विचारा; घाई नसेल तर बेळगावहून मागवून घेणारे मिस्त्रीही आहेत. आरसे, दाराचे हँडल, काच चढवायची यंत्रणा, रिम, हे भंगारातले चालतात. वापरलेला बॉलजॉइंट, वापरलेला होज, वापरलेला ब्रेकचा कुठलाही भाग मात्र कधीच घेऊ नये. बदललेला जुना पार्ट परत मागा, बिलावर ब्रँड लिहून घ्या.

गाडी अशा कंपनीची असेल जी भारतातून गेली आहे, तर काम सुरू करण्याआधी पार्ट हातात आलाय का ते बघा. शेवरोलेची विक्री इथे २०१७ अखेर थांबली, फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. पार्ट मिळतात, पण कधी दोन दिवसांत, कधी दोन महिन्यांत, आणि तोवर गाडी खोललेल्या अवस्थेत गॅरेजच्या अंगणात पावसात उभी.

पायरी ७ : हिशेब

'साठ हजारांच्या गाडीवर बत्तीस हजार कसे घालायचे?' हा प्रश्न सगळे विचारतात आणि तो चुकीचा आहे. गाडीची बाजारातली किंमत तुम्ही विकणार असाल तेव्हाच कामाची. वापरणार असाल तर महिन्यावर आणा. ३२,००० रुपयांची 'ज', 'इ', 'र' कामं करून गाडी २४ महिने निर्धास्त चालणार असेल तर महिन्याला सुमारे १,३३३ रुपये पडले. तिच्याऐवजी चार लाखांची दुसरी जुनी गाडी पाच वर्षांच्या कर्जावर घेतली तर व्याज न धरताही महिन्याला ६,६६७. आणि ती गाडीही स्वतःची यादी घेऊनच येणार, फक्त ती यादी तुम्हाला अजून माहीत नाही. रेंट-अ-कॅबमधून निघालेली किंवा मीटर मागे फिरवलेली गाडी असेल तर बोलायलाच नको.

उलट, सहा महिन्यांत विकणार असाल तर 'ज' तेवढी करा आणि बाकीचं गिऱ्हाइकाला खरं सांगून किंमत कमी घ्या. नवा क्लच घातला म्हणून कोणी त्याचे पूर्ण पैसे जास्त देत नाही.

खिशात एका वेळी सगळं बसत नसेल तर क्रम हा: आधी सगळे 'ज', मग कूलंट आणि बेल्ट, मग 'र', शेवटी 'स'; पण पावसाला लागणारे एसी-वायपर-दिवे मात्र मे महिन्याच्या मध्यापर्यंत. पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि त्यानंतर प्रत्येकाला एकाच दिवशी वायपर आठवतात. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात तर तातडीचं नसेल ते काम काढूच नये; घाईत केलेलं काम आणि गावी जायची गर्दी, दोन्ही एकदम.

कधी हात आखडायचा

सांगाडा सडलेला. इंजिन तापून गेल्यावर कॉम्प्रेशन टेस्टमध्ये म्हणजे सिलिंडरातला दाब मोजल्यावर आकडे खाली आलेले. पुरात बुडून वायरिंगमध्ये पाणी शिरलेलं, रोज एक नवा दिवा. यांतलं काहीही असेल तर यादी कितीही छोटी असो, पुढचा रुपया नको. आणखी एक लक्षण: एकाच तक्रारीसाठी तीन वेगवेगळे पार्ट बदलून झाले आणि तक्रार तिथेच आहे. तेव्हा गाडी आधी त्या गॅरेजमधून काढा, टाकायची की नाही ते नंतर बघू.

टाकायची ठरली तर भंगारवाल्याच्या हातात चावी देऊन मोकळे होऊ नका. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात देऊन जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि आर.टी.ओ.त नोंदणी रद्द करून घ्या. गाडी नावावर राहिली तर तिच्या नंबरावर पुढे जे काही होईल त्याचा कागद तुमच्या दारात येतो.

गाडी परत घेताना

मिस्त्रीला शेजारी बसवून चक्कर मारा, एकट्याने नको. ज्या खड्ड्यात आवाज यायचा त्याच रस्त्याने जा. मोकळ्या जागी हळू वेगात ब्रेक मारून स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय का बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनावर, कूलंटची पातळी आणि ऑइल पुन्हा तपासा. सिस्टीममधली हवा निघाली की पातळी थोडी उतरते, ती भरून काढावी लागते. चाकांचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा आवळून घ्या. आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवा: तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठल्या ब्रँडचं, आणि यादीतलं काय मुद्दाम केलं नाही. पुढच्या खेपेला नवा अॅडव्हायझर तीच ओळ पुन्हा लिहून आणेल, तेव्हा वही उघडून त्याच्यासमोर ठेवता येईल.